डच स्थिरचित्र कसे वाचावे: फुले, शंख आणि किडे यांच्या चित्रांसाठी नवशिक्यांना मार्गदर्शन

सतराव्या शतकात नेदरलँड्समधील चित्रकारांनी फुलांचे गुच्छ, शंखशिंपले, फळे, फुलपाखरे आणि किडे यांची इतकी चित्रे काढली की युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांत त्यांतली दोन-चार तरी भिंतीवर हमखास भेटतात. अशा मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांना स्थिरचित्रे म्हणतात. ती डोळ्यांना सुख देतात, परंतु त्यांच्यापुढे उभे राहून नेमके काय पाहावे हे नवख्या प्रेक्षकाला सहसा उमगत नाही. मग तो कोठेतरी वाचलेल्या यादीचा आधार घेतो: ट्यूलिप म्हणजे श्रीमंती, माशी म्हणजे नाश, फुलपाखरू म्हणजे आत्मा, रिकामा शंख म्हणजे मृत्यू. ही यादी सर्वस्वी खोटी आहे असे नाही, पण ती हाती घेऊन चित्राकडे गेले की चित्र पाहायचेच राहून जाते.

या लेखात सुचवलेला क्रम उलटा आहे. चित्रातील वस्तू आधी निसर्गातील वस्तू म्हणून ओळखावी. ती कोणत्या प्रदेशातली, कोणत्या ऋतूतली आणि कोणत्या अवस्थेतली आहे हे तपासावे. चित्र निसर्गाशी कोठे जुळत नाही ते शोधावे. आणि अर्थाचा प्रश्न त्यानंतरच विचारावा. चित्र जेथे निसर्गापासून फारकत घेते तेथे तीनपैकी एक कारण असते. एक तर तो चित्रकाराचा निर्णय असतो, नाही तर त्याच्या तंत्राची मर्यादा असते, किंवा मग गेल्या तीन-चारशे वर्षांत रंगांवर झालेला काळाचा परिणाम असतो. ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी काढता येणे, हेच या प्रकारच्या चित्रवाचनातील मुख्य कौशल्य आहे असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांनी भांडे, कापड आणि फळे समोर मांडून चित्र काढलेले असते. छायाप्रकाश आणि मांडणी यांकडे पाहण्याची ती सवय येथे उपयोगी पडते. फरक इतकाच की परीक्षेत ती मांडणी खरोखर समोर असते, आणि डच फुलचित्रकारापुढे मात्र त्याच्या चित्रातला गुच्छ बहुधा कधी एकत्र उभा राहिलेलाच नसतो.

पहिली पायरी: चित्राची निवड

सुरुवातीला कमी वस्तूंचे चित्र घ्यावे. आद्रियान कोर्टे या चित्रकाराची चित्रे त्यासाठी उत्तम आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील त्याच्या १६९७ च्या चित्रात पांढऱ्या शतावरीच्या कोंबांची एक जुडी दगडी कट्ट्यावर ठेवलेली आहे आणि मागे काळोख आहे. दुसरे काही नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याची १६९६ ची शंखांची चित्रेही अशीच आहेत. मोजके शंख, दगडी कट्टा, काळी पार्श्वभूमी. एवढ्यावर नजर बसली की मग आम्ब्रोसियस बोस्खार्ट याचे हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातील खिडकीतल्या पुष्पपात्राचे चित्र, जे साधारण १६१८ चे मानले जाते, ते घ्यावे. या लेखात पुढे मुख्यतः हीच उदाहरणे येतील, आणि त्यांच्या जोडीला रेम्ब्रांटचा एक शंख.

राइक्सम्युझियम आणि माउरित्सहाउस या दोन्ही संस्थांनी आपल्या चित्रांची मोठी, स्पष्ट छायाचित्रे संकेतस्थळावर पाहण्यासाठी ठेवली आहेत. ती फोनवर न पाहता शक्यतो संगणकाच्या पडद्यावर पाहावीत. पडद्यावर एक गोष्ट मात्र हरवते, ती म्हणजे आकार. शतावरीचे चित्र फक्त २५ सेंटिमीटर उंच आणि सुमारे २०.५ सेंटिमीटर रुंद आहे. त्या मापाचा कागद कापून पडद्याशेजारी ठेवला, तर हे चित्र दिवाणखान्याच्या भिंतीवरून दुरून पाहण्यासाठी नसून जवळ जाऊन, जवळपास हातात घेऊन पाहण्यासाठी होते हे लगेच कळते. जुन्या तैलचित्राचा पृष्ठभाग प्रत्यक्षात कसा दिसतो, प्रकाश त्याच्यावरून कसा परावर्तित होतो, हे मुंबईच्या वाचकांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रांपुढे उभे राहून अनुभवता येईल.

दुसरी पायरी: चित्राशेजारची पाटी

पाटीवरील चित्राचे नाव सोडून बाकी सर्व काळजीपूर्वक वाचावे. नाव बहुतेक वेळा नंतरच्या काळात नोंदीच्या सोयीसाठी दिलेले असते. त्यातून अर्थ काढू नये. चित्रकार, वर्ष, शहर, माध्यम आणि माप या पाच गोष्टींतून मात्र पुष्कळ हाती लागते.

यातील शहराकडे नवशिक्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बोस्खार्टचा जन्म १५७३ चा, अँटवर्पमधला. प्रोटेस्टंट असलेले त्याचे कुटुंब तेथून मिडलबर्गला आले. त्याचा मेव्हणा बाल्टाझार फान डेर आस्ट हा मिडलबर्गचाच, त्याच्याच घरी वाढलेला आणि त्याच्याच हाताखाली शिकलेला. शंखांची चित्रे म्हटली की पहिले नाव याचे घेतले जाते. जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा कोर्टेही मिडलबर्गचा. तेथील चित्रकारांच्या संघाने, सभासद नसताना चित्रे विकल्याबद्दल त्याला दंड केल्याची १६९५-९६ ची नोंद आहे, आणि त्याच्या आयुष्याविषयी जी थोडी कागदोपत्री माहिती मिळते तिच्यात ही नोंद महत्त्वाची ठरते. एकाच शहरात इतकी फुले आणि इतके शंख रंगवले गेले, याला कारण आहे. झीलंड प्रांतातले हे बंदर श्रीमंतांच्या बागांसाठी प्रसिद्ध होते, आणि १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ॲमस्टरडॅमच्या खालोखाल मोठी शाखा येथेच होती. चित्रातील वस्तू चित्रकाराच्या दारापर्यंत कशी पोहोचली, याचे अर्धे उत्तर शहराच्या नावात असते.

तिसरी पायरी: अर्थ न लावता यादी

कागद घेऊन दिसेल ते लिहावे, आणि या वेळी एकही विशेषण अर्थाच्या बाजूने वापरू नये. ‘क्षणभंगुर गुलाब’ असे न लिहिता ‘फिकट गुलाबी गुलाब, बाहेरच्या दोन पाकळ्या मागे वळलेल्या’ असे लिहावे. कट्ट्याची कडा कोठून जाते, उजेड कोणत्या बाजूने येतो, सावली कोठे पडते, सही कोठे आहे, पाण्याचा थेंब कोणत्या पानावर आहे, ही सगळी नोंद करावी. कंटाळा येईल, पण पहिल्या पाच मिनिटांत न दिसलेली माशी दहाव्या मिनिटाला दिसते.

बोस्खार्टच्या चित्राची अशी यादी केली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. दगडी कमानीची खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर काचेचा पेला आहे, पेल्यात ट्यूलिप, गुलाब आणि इतर अनेक फुले आहेत, कट्ट्यावर परदेशी शंख आहेत, आणि कमानीतून लांबवरचा निळसर मुलूख दिसतो. आता उजेडाचा रकाना भरायला घेतला की अडचण उभी राहते. खिडकी मागे आहे आणि तिच्यातून उजेड येत असेल, तर फुले आपल्या बाजूने काळसर दिसायला हवीत. चित्रात मात्र प्रत्येक फूल समोरून उजळलेले आहे. शिवाय कोणतेही महत्त्वाचे फूल दुसऱ्याच्या सावलीत गेलेले नाही, आणि एवढ्याशा पेल्यात एवढा मोठा गुच्छ तोल सांभाळून उभा राहणे प्रत्यक्षात अवघडच आहे. निसर्गाशी न जुळणाऱ्या या तीन गोष्टी तंत्राच्या मर्यादेतून आलेल्या नाहीत, कारण हा चित्रकार एका थेंबावरची चमकही अचूक पकडतो. त्या काळाने घडवलेल्याही नाहीत. त्या चित्रकाराच्या निर्णयातून आलेल्या आहेत. प्रत्येक फूल पूर्णपणे दिसावे, ओळखता यावे, दुसऱ्याइतकेच मानाने मांडले जावे, अशी त्याची इच्छा आहे. एकही चिन्ह न उलगडता आपण या चित्राविषयी एक ठाम विधान करू शकलो, हे येथे लक्षात घ्यावे.

चौथी पायरी: वस्तूची ओळख पटवणे

‘शंख’ एवढे लिहून थांबू नये; कोणता शंख, ते शोधावे. ‘फूल’ लिहून थांबू नये. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या किंवा शंखशिंपल्यांचा नाद असलेल्या ओळखीच्या माणसाला चित्र दाखवावे. कलेचा इतिहास ज्यांना माहीत नाही त्यांची नजर या कामी कित्येकदा जास्त तयार असते.

ओळख पटल्याने किती फरक पडतो हे रेम्ब्रांटच्या शंखावरून नीट समजते. १६५० मध्ये त्याने तांब्याच्या पत्र्यावर अम्लरेखनाने (एचिंग, म्हणजे रेघा अम्लाने खोल करून त्यांचे कागदावर छाप घेण्याच्या पद्धतीने) एकच शंख कोरला. छाप तळहाताएवढाच आहे, आणि त्याच्या सगळ्या अम्लरेखनांमध्ये केवळ वस्तूचे असे चित्र हे एकच आहे. शंख शंकूच्या आकाराचा असून त्याच्या गडद अंगावर पांढऱ्या त्रिकोणी ठिपक्यांची जाळी आहे. या खुणांवरून तो नेमका ओळखता येतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला ‘कोनस मार्मोरियस’ असे नाव दिले. हा प्राणी हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागर यांतील उथळ, उबदार पाण्यात राहतो, दुसऱ्या गोगलगायींना विषारी काट्याने टोचून खातो, आणि उत्तर समुद्रात तो कधीही सापडत नाही. म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये बसलेल्या रेम्ब्रांटच्या टेबलावर हा शंख आला तो हजारो मैलांचा जलप्रवास करूनच.

आता वळण पाहावे. शंखाचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक जातींमध्ये तोंड उजव्या हाताला येते. रेम्ब्रांटच्या छापात हे वळण उलटे आहे. आपल्याकडे पूजेच्या शंखात नेहमीपेक्षा उलट वळणाचा शंख दुर्मीळ आणि म्हणून मौल्यवान मानतात, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात लगेच येईल की रेम्ब्रांटकडे असाच एखादा दुर्मीळ नमुना असावा आणि त्यातून काही गूढ सुचवायचे असावे. खरे कारण तंत्राचे आहे. अम्लरेखनात पत्र्यावर जे कोरावे ते कागदावर उलटे उमटते. रेम्ब्रांटने शंख समोर जसा दिसला तसाच पत्र्यावर कोरला, त्यामुळे छापात तो उलटला. सही मात्र छापात सरळ वाचता येते, म्हणजे पत्र्यावर ती त्याने मुद्दाम उलटी कोरली होती. अक्षरे उलटी येतील याची त्याला आठवण होती आणि ती त्याने टाळली; शंखाच्या वळणाची त्याला चिंता वाटली नाही. यातून एक गोष्ट सांगता येते. त्याचे लक्ष शंखाच्या जातीची शास्त्रशुद्ध नोंद करण्याकडे नव्हते, तर गोल अंगावरून सरकणारा उजेड, खडबडीत आणि गुळगुळीत पृष्ठभागांतला फरक, आणि शेजारी पडलेली सावली यांकडे होते. याला दुजोरा देणारी आणखी एक खूण आहे. या चित्राच्या पहिल्या छापांत पार्श्वभूमी जवळजवळ कोरी आहे. पुढे त्याने ती रेघांनी गडद केली, आणि शंख अंधारातून पुढे आल्यासारखा दिसू लागला.

रेम्ब्रांट स्वतः संग्राहक होता. १६५६ मध्ये तो कर्जबाजारी झाला तेव्हा त्याच्या घरातील वस्तूंची यादी करण्यात आली, आणि त्या यादीत चित्रे व शिल्पे यांच्याबरोबर शंख आणि पोवळीही आहेत. त्याच सुमारास तो मुघल लघुचित्रांवरून रेखाटने करत होता. पूर्वेकडून येणाऱ्या वस्तू तो भक्तिभावाने गोळा करत होता, आणि तो शंख या सगळ्याच्या मध्ये ठेवून पाहिला की ‘रिकामा शंख म्हणजे मृत्यू’ हे वाक्य फारच तोकडे वाटू लागते.

पाचवी पायरी: पंचांग आणि नकाशा

यादीतल्या प्रत्येक फुलासमोर त्याचा बहराचा महिना लिहावा. हे आपल्याकडच्या हवामानाप्रमाणे न लिहिता नेदरलँड्सच्या हवामानाप्रमाणे लिहावे. तेथे ट्यूलिप एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि गुलाब जूनच्या आसपास. शीतपेट्या आणि काचगृहे नसलेल्या काळात ही फुले एका पात्रात ताजी एकत्र असणे शक्य नव्हते. चित्रकार ऋतूप्रमाणे एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवत आणि मग त्यांतून गुच्छ रचत. म्हणूनच बोस्खार्टच्या निरनिराळ्या चित्रांत तेच फूल त्याच वळणाने पुन्हा भेटते. अठराव्या शतकात यान फान हाउसुम शक्य तितके प्रत्यक्ष फुलावरूनच काम करी, त्यामुळे एकेक चित्र पुरे व्हायला त्याला दुसऱ्या वर्षाच्या बहराची वाट पाहावी लागे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षे घातलेली आहेत. गुच्छ जितका अशक्य, तितका तो चित्रकाराने मुद्दाम घडवलेला, हे या पंचांगावरून सिद्ध होते.

ट्यूलिपच्या पाकळ्यांवर ज्वाळांसारखे लाल-पांढरे पट्टे असतील तर तीही नोंद करावी. हे पट्टे माव्यामुळे पसरणाऱ्या एका विषाणूने येतात, हे विसाव्या शतकात समजले. सतराव्या शतकात ते कशाने उमटतात याचा पत्ता नव्हता, ते ठरवून आणता येत नव्हते, आणि म्हणूनच त्या कंदांना भरमसाट भाव येत होता. तो बाजार फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला. येथे एक सावधगिरी हवी: बोस्खार्टचे चित्र त्याआधी जवळपास वीस वर्षांचे आहे, त्यामुळे त्यातील ट्यूलिपमध्ये त्या मंदीवरची टीका शोधणे चुकीचे ठरेल. वर्ष आधी पाहण्याचे महत्त्व अशा ठिकाणी दिसते.

शंखांसाठी पंचांगाऐवजी नकाशा लागतो. फान डेर आस्टच्या चित्रांत हिंदी-प्रशांत महासागरातील शंकूच्या आकाराचे शंख असतात, आणि त्यांच्या शेजारी काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा कॅरिबियन समुद्रातला शंखही दिसतो. हे दोन प्राणी निसर्गात कधीच एकत्र येत नाहीत. त्यांना एका टेबलावर आणले ते पूर्वेकडे जाणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या गलबतांनी. १६२१ मध्ये पश्चिमेकडच्या व्यापारासाठीही स्वतंत्र डच कंपनी निघाली. कोकणातील वाचकांना यांतली पहिली कंपनी अनोळखी नाही. वेंगुर्ल्यात भग्नावस्थेत उभी असलेली डच वखार तिचीच.

नकाशा काढताना त्या मार्गांवर काय घडले तेही लिहायला हवे. १६२१ मध्येच यान पीटरझोन कून याच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या सैन्याने जायफळासाठी बांदा बेटांवरील लोकांची कत्तल केली आणि उरलेल्यांना देशोधडीला लावले. शंख त्याच परिसरातील समुद्रातून, त्याच कंपनीच्या गलबतांवरून येत होते. चित्रात यातले काहीच दिसत नाही. पॉलिश केल्यासारखा चकाकणारा शंख टेबलावर शांत पडून असतो. चित्रकाराला दोषी ठरवणे हे आपले काम नाही, पण वस्तूचा उगम लिहिताना ही बाजू गाळली तर वाचन अपुरे आणि माझ्या दृष्टीने अप्रामाणिक होते.

सहावी पायरी: वस्तूची अवस्था, आणि चित्राची अवस्था

पान कुरतडलेले आहे का, फळाला डाग आहे का, पाकळी गळून कट्ट्यावर पडली आहे का, हे पाहावे. शंखाच्या बाबतीत तो समुद्रातून काढला तसाच आहे की घासून-पुसून तयार केलेला आहे, हे विचारावे. शंकूच्या आकाराच्या जिवंत शंखावर पातळ त्वचेसारखे आवरण असते आणि नक्षी त्याच्याखाली झाकलेली असते. चित्रात ती नक्षी लखलखीत दिसते, म्हणजे कोणीतरी तो साफ करून संग्रहासाठी सज्ज केला आहे. त्यामुळे आपण समुद्र पाहत नसून एखाद्या संग्राहकाचा खण पाहत आहोत.

याच टप्प्यावर काळाचा परिणाम वेगळा काढावा. जुन्या पुष्पचित्रांत कित्येकदा पाने निळी दिसतात. त्यात गूढ काही नाही. निळ्यावर वनस्पतिजन्य पिवळ्या रंगाचा पातळ थर देऊन हिरवा रंग साधलेला असतो, आणि तो पिवळा उजेडाने उडून जातो. वरचे वार्निश पिवळे पडून संपूर्ण चित्र तपकिरी, उदास वाटू लागते, आणि नवशिका ती उदासी चित्रकाराची समजतो. संग्रहालयाच्या माहितीत चित्राची सफाई केव्हा झाली हे दिले असेल तर ते जरूर वाचावे.

सातवी पायरी: आता अर्थ

अर्थाकडे येताना पहिला प्रश्न असा असावा: चित्रकाराने स्वतः चित्रातच काही सांगितले आहे का? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील झाक द गाइन याच्या १६०३ च्या चित्रात कोनाड्यात कवटी आहे, तिच्यावर मोठा बुडबुडा तरंगतो आहे, आणि बाजूच्या पात्रात खुडलेले फूल आहे. कवटी आणि बुडबुडा शेजारी असताना ते फूल आयुष्य थोडे आहे असे सांगते, यात शंका घेण्याचे कारण नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हार्मेन स्टीनवाइकचे साधारण १६४० चे चित्र आहे. त्यात कवटी, विझलेला दिवा, घड्याळ आणि जपानी तलवार यांच्या सोबत दूरच्या समुद्रातला मोठा शंखही आहे. येथे शंख जमवलेल्या संपत्तीच्या बाजूने बोलतो, आणि कवटी त्या संपत्तीला उत्तर देते.

परंतु कोर्टेच्या शंखांजवळ कवटी नाही, घड्याळ नाही, मजकूर नाही. तेथे तोच अर्थ जसाच्या तसा नेऊन बसवता येत नाही. त्या काळात शंखाकडे पाहण्याच्या निदान तीन रीती शेजारी-शेजारी नांदत होत्या. एक रीत ईश्वरनिर्मितीच्या कौतुकाची होती. दुसरी संग्राहकाच्या अभिमानाची. तिसरी उपहासाची: ॲमस्टरडॅमचा कवी रूमर व्हिसर याने १६१४ मध्ये शंखांचे चित्र देऊन त्यासोबत, मूर्ख माणूस कशावर पैसा घालवील याचा नेम नाही, अशा आशयाचे बोधवाक्य छापले होते. एकच शंख एका घरात श्रद्धेने, दुसऱ्यात मिरवण्यासाठी आणि तिसऱ्यात थट्टेने पाहिला जात असेल, तर चित्राच्या अंगचा पुरावा नसताना यांपैकी एकच अर्थ खरा असे म्हणू नये.

अभ्यासकांतही हा वाद झालेला आहे. एडी द योंग आणि त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या अभ्यासकांनी त्या काळातील बोधचित्रांच्या (व्हिसरच्या चित्रासारख्या, बोधवाक्यासह छापलेल्या चित्रांच्या) आधारे डच चित्रांतला छुपा नीतिबोध उलगडून दाखवला. तर स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये असे मांडले की भिंग, नकाशे आणि निरीक्षण यांत रमलेल्या या समाजात जग नीट पाहून त्याचे वर्णन करणे हाच चित्राचा मोठा हेतू होता. नवशिक्याने कोणताही एक पक्ष आधीच पत्करू नये. मी स्वतः फुलांच्या आणि शंखांच्या चित्रांत आल्पर्स यांच्याकडे अधिक झुकतो, आणि कवटी दिसली की द योंग यांच्याकडे वळतो. चित्राच्या पुराव्यानुसार बाजू बदलणे यात मला काही वावगे वाटत नाही.

किमतीचा विचारही अर्थाच्याच प्रश्नात मोडतो. बोस्खार्ट १६२१ मध्ये हेग येथे वारला तेव्हा तो एक पुष्पचित्र पोहोचवण्यासाठी तेथे गेला होता, आणि त्या एका चित्राची किंमत एक हजार गिल्डर (तेव्हाचे डच चलन) होती. इतके पैसे मोजणाऱ्याला केवळ मृत्यूची आठवण विकत हवी होती असे मानणे कठीण आहे. त्याला कधी न कोमेजणारा गुच्छ हवा होता, आणि तो रंगवणाऱ्या हाताचे कौशल्यही हवे होते.

आठवी पायरी: लिहून काढणे

आपले वाचन दीडशे-दोनशे शब्दांत लिहावे. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या निरीक्षणावर उभे आहे हे यावे, आणि खात्री व तर्क यांतला फरक भाषेतच दिसावा. बोस्खार्टच्या चित्रावरचा नमुना असा होऊ शकेल:

‘चित्रातील फुले वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी आहेत, म्हणून हा गुच्छ चित्रकाराने अभ्यासचित्रांतून रचला आहे. मागे उघडी कमान असूनही फुलांवर उजेड समोरून पडतो आणि कोणतेही महत्त्वाचे फूल झाकले गेलेले नाही. यावरून प्रत्येक फूल स्वतंत्रपणे ओळखले जावे असा हेतू दिसतो. कट्ट्यावरील शंख युरोपच्या किनाऱ्यावरचे नसून सागरी व्यापारातून आलेले आहेत. काही पाने किड्यांनी खाल्लेली आहेत. चित्रात कवटी किंवा मजकूर नसल्यामुळे क्षणभंगुरतेचा बोध हाच मुख्य विषय आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र खाल्लेली पाने चित्रकाराला झाकता आली असती आणि त्याने ती झाकली नाहीत, म्हणून तो विचार त्याच्या मनात असणे संभवते.’

या नमुन्यातील शेवटचे वाक्य जपून लिहिलेले आहे. ‘संभवते’ लिहिण्याची लाज वाटू देऊ नये. उलट, जेथे तीन वाचने शक्य आहेत तेथे तिन्ही नोंदवून आपला कल कोणाकडे आहे हे सांगितले, तर वाचणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येते.

या पद्धतीने तीन-चार चित्रे पाहून झाली की अवघड चित्रांकडे वळावे. राखेल राउस (१६६४-१७५०) हिच्यापासून सुरुवात केलेली बरी. तिचे वडील फ्रेडरिक राउस ॲमस्टरडॅममध्ये शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांचे नामवंत जाणकार होते, त्यांचा नैसर्गिक वस्तूंचा संग्रह पुढे १७१७ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने विकत घेतला, आणि त्या संग्रहात वावरलेली नजर तिच्या प्रत्येक भुंग्यात आणि देठात जाणवते. तिच्या गुच्छांत फुले बोस्खार्टसारखी सुटी उभी नसतात. ती एकमेकांवर झुकतात, काही अंधारात जातात, काही पाठ फिरवतात. त्यामुळे तिसऱ्या पायरीवरची यादी करायलाच बराच वेळ लागतो. त्यानंतर ओट्टो मार्सेउस फान स्क्रीक याची जंगलातील ओल्या जमिनीची चित्रे घ्यावीत, ज्यांत साप, बेडूक, काटेरी झुडपे आणि फुलपाखरे एकत्र येतात. यातील काही फुलपाखरांसाठी त्याने खऱ्या पंखांवरील खवले ओल्या रंगावर दाबून उतरवले आहेत. तेव्हा त्या चित्राची यादी करताना फुलपाखरापुढे थांबून, हा पंख रंगवलेला आहे की चिकटलेला, हे जितके मोठे करून पाहता येईल तितके मोठे करून तपासावे, आणि उत्तर काय मिळाले ते यादीत त्याच ओळीत लिहावे.